एमपीएससीची तयारी सोडून दहा महिने झाले. तुम्ही कसं सोडलंत?

बालाघाट | १३ जुलै २०२५, रात्री १०.४०

गेल्या सप्टेंबरात मी एमपीएससी सोडली. एवढं सरळ वाक्य लिहायला दहा महिने लागले. कुणी विचारलं की "सध्या घरूनच करतोय", "जरा शेतीचं बघतोय, मग परत जाणार आहे" असं काहीबाही सांगायचो. परवा बार्शीच्या स्टँडवर कॉलेजचा एक मित्र भेटला. त्याला पहिल्यांदाच म्हणालो, "सोडली रे." तो म्हणाला, "बरं केलंस. चल, चहा घेऊ." घरी आल्यावर ठरवलं की हे नीट लिहून काढायचं. इथे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे बरेच असणार.

मी भूम तालुक्यातला. घरी पाच म्हशी, अडीच एकर कोरडवाहू आणि खव्याची भट्टी. २०१६ ला बीएस्सी अ‍ॅग्री झालो आणि २०१७ च्या जूनमध्ये पुण्याला आलो. नवी पेठेत कॉट बेसिसवर खोली, खोलीत पाच जण, गल्लीत अभ्यासिका, दोन वेळची मेस. वडिलांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं होतं, तीन वर्षं द्या.

तीनाची सात झाली. २०१८ ची पूर्व परीक्षा गेली. २०१९ ला मुख्य दिली, ती गेली. त्याच परीक्षेत माझ्या रूममेटची निवड झाली, पण नियुक्तीसाठी त्याला वर्षाहून जास्त थांबावं लागलं. निवड झालेला माणूस मेसचे पैसे उसने घेताना आम्ही पाहिला. २०२० ची पूर्व कोरोनात पुढे पुढे जात राहिली. मार्च २०२१ मध्ये परीक्षेला तीन दिवस उरले असताना पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा सगळी पोरं रस्त्यावर उतरली. त्यांत मीही होतो. त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, प्रयत्नांची मर्यादा आली होती, पुढे ती मागे घेतली. मग पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायचा वर्णनात्मक पॅटर्न आला, फेब्रुवारी २०२३ च्या आंदोलनानंतर तो २०२५ पासून लागू करायचं ठरलं. प्रत्येक वेळी आम्ही नव्याने वेळापत्रक बनवून भिंतीला चिकटवायचो.

२०२२ च्या जाहिरातीत मुलाखतीपर्यंत पोचलो. २०२४ च्या सुरुवातीला यादी लागली. साडेचार गुणांनी राहिलो.

हे साडेचार गुण मी कुणाला सांगितले की समोरचा म्हणायचा, "अरे मग झालंच की, अजून एक दे." मलाही तसंच वाटायचं. खुल्या गटाला वय ३८ पर्यंत आहे, मी तेव्हा ३१ चा. म्हणजे अजून सात वर्षं शिल्लक, असा हिशोब सगळे करायचे. मी आधीच्या सात वर्षांचा हिशोब करायला गेलो तर हात थांबायचा. शेवटी एकदा बसून केला. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास, टेस्ट सिरीज, झेरॉक्स धरून आठ लाखांच्या घरात गेला. त्यात दोन म्हशी आहेत, मला न सांगता विकलेल्या.

गेल्या ऑगस्टमध्ये २५ तारखेला पूर्व होती. त्याच दिवशी बँकेची परीक्षा आली, पुण्यात आंदोलन झालं आणि आयोगाने पूर्व पुढे ढकलली. बातमी आली तेव्हा मी अभ्यासिकेच्या जिन्यात होतो. पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. खाली जाऊन चहा घेतला, आणि कप हातात असतानाच लक्षात आलं की बँकेचा फॉर्म तर मी भरलाच नव्हता. माझी परीक्षा कुठे कशाला आडवी येत होती? मग मला एवढं हलकं का वाटलं? सात वर्षं ज्या दिवसासाठी घर सोडून राहिलो, तो दिवस लांबला म्हणून मी खूश झालो होतो.

त्या चहाने मला हलवलं. पण लगेच काही केलं नाही. तीन आठवडे तसाच अभ्यासिकेत जात राहिलो, पुस्तक उघडून बसत राहिलो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गावी गेलो.

आप्पा भट्टीवर होते. खवा शेवटाला आला की कढई सोडता येत नाही. पाच लिटर दूध आटून किलोभर उरतं आणि ते शेवटचं किलोभर क्षणात बुडाला लागतं. त्यामुळे ते उलथणं फिरवत होते आणि मी बाजूला उभा होतो. धुरानं डोळे चुरचुरत होते, ते एक बरं होतं. म्हणालो, "आप्पा, मी सोडतोय. परत नाही जायचं." उलथणं थांबलं नाही. बऱ्याच वेळाने कढई उतरवली, घाम पुसला आणि विचारलं, "ह्या महिन्याचं मेसचं बिल दिलंस का?" म्हटलं, नाही. "ते देऊन टाक. कुणाचं ठेवू नको. आन् गादी तिथं सोडून येऊ नको, चांगल्या कापसाची हाय."

बास, एवढंच. मी सात वर्षं ज्या बोलण्याला घाबरलो होतो ते एवढं होतं. आई मात्र दोन दिवस बोलली नाही. तिने बायकांना सांगून ठेवलं होतं, तिचं तिला निस्तरायचं होतं. तो राग मी समजू शकतो.

आता बार्शीत ठिबकच्या दुकानात काम करतो. शेतावर जाऊन मोजमाप घेणं, लॅटरलच्या नळ्या किती लागतील ते काढणं, फिल्टर तुंबला की साफ करून देणं. पगार सोळा हजार. पहिले तीन महिने फार वाईट गेले, हे लपवत नाही. यादी लागली की ओळखीची नावं शोधायचो आणि रात्रभर झोप नाही. अजूनही सकाळी पेपर हातात आला की बोट आपोआप अधोरेखित करायला जातं.

मला विचारायचंय की तुम्ही कुठून कसे बाहेर पडलात? परीक्षाच असं नाही. नोकरी, धंदा, काहीही. 'आता पुरे' हे तुम्हाला कशावरून कळलं? आणि कळल्यापासून प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत किती दिवस गेले?

---

अबोली | १४ जुलै, सकाळी ७.१५

बालाघाट, गादीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझं शाळेचं सांगते. २०११ ला विनाअनुदानित माध्यमिक शाळेत लागले. त्याच्या दोन वर्षं आधी शासनाने 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' काढला होता, त्यामुळे सगळे म्हणायचे, आता अनुदान आलंच म्हणून समजा. संस्था हातात तीन हजार ठेवायची, तेही वर्षातले काही महिने नाहीच. मस्टरवर मात्र रोज सही. २०१६ पासून वीस टक्के अनुदान सुरू झालं. आमच्या शाळेला मिळालं, पण मी ज्या तुकडीवर होते ती तुकडी पुढे नैसर्गिक वाढीत, म्हणजे वर्ग वाढत गेले तशी सुरू झालेली, ती राहिली. एकाच स्टाफरूममध्ये एकीला थोडा का होईना पगार आणि तिच्या शेजारी बसलेलीला काही नाही. आझाद मैदानावर दोनदा जाऊन बसले, एकदा धाकटीला घेऊन.

सोडायला आठ वर्षं लागली. तुम्ही विचारलंय कशावरून कळलं. मुलीने शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात 'घरकाम' लिहिलं. मी म्हटलं, अगं मी शिक्षिका आहे ना. ती म्हणाली, "पण तुला पगार नाही मिळत." तिला मला दुखवायचं नव्हतं, ती फॉर्म बरोबर भरत होती.

कळल्यापासून बाहेर पडेपर्यंत चौदा महिने गेले. मुलांना दहावीपर्यंत पोचवून जाऊ, असं स्वतःला सांगत राहिले. दरवर्षी नवीन दहावी असतेच. आता एका पतसंस्थेत आहे. फळा आठवतो, फार आठवतो. पण एक तारखेला मोबाईलवर मेसेज येतो तेव्हा मी तो दोनदा वाचते, अजूनही.

---

सातवा_प्रयत्न | १४ जुलै, दुपारी १.०५

धागाकर्त्याबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी सध्या नायब तहसीलदार आहे. सातव्या प्रयत्नात झालो. सहाव्या वेळी सोडलं असतं तर लोकांनी त्यालाही हिंमत म्हटलं असतं आणि मी आज इथे नसतो.

माझ्याकडे एक साधी वही होती. दरवर्षी पूर्वचा कटऑफ आणि माझे गुण यांतलं अंतर लिहायचो. पहिल्या वर्षी ३१ ने कमी, मग १८, मग ६, मग वर गेलो. मुख्यचंही तसंच. अंतर कमी होत होतं म्हणून टिकून राहिलो. दोन वर्षं लागोपाठ वाढलं असतं तर गेलो असतो, हे वडिलांना लिहून दिलं होतं. साडेचार गुणांवर आलेल्या माणसाला मी तरी अजून एक दे असंच सांगेन. इथे वाचणाऱ्या पोरांनी सोडणं म्हणजेच धाडस असं डोक्यात घेऊ नये, एवढीच काळजी वाटते.

हेही सांगतो की मी एका गुणाने आत आलो. माझ्या मागचा मुलगा माझ्याइतकाच, कदाचित जास्त हुशार असेल. त्याचं नाव मला माहीत आहे. यादीत ते माझ्या खाली छापलेलं होतं.

---

बालाघाट | १४ जुलै, रात्री ९.३०

साहेब, तुमचं म्हणणं पटतं. वहीची गोष्ट मला कुणी २०१८ ला सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

पण माझी वही उघडली तर काय दिसतं ते सांगतो. यादी लागल्यापासून ऑगस्टपर्यंत मी एकही पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवला नव्हता. उत्तर चुकलं तर गुण कापले जातील म्हणून प्रश्न सोडायचो आणि मग पेपरच सोडून द्यायचो. तीच पुस्तकं तिसऱ्या रंगाच्या पेनाने अधोरेखित करत होतो. नऊ ते नऊ टेबलावर असायचो, त्यामुळे बघणाऱ्याला अभ्यास चालू आहे असंच वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. तुमचं अंतर कमी होत होतं. माझं मोजायचं मीच बंद केलं होतं. जो अजून मोजतोय त्याने द्यावी, माझी काहीच हरकत नाही.

अबोलीताई, त्या फॉर्मचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

---

रानजाई | १५ जुलै, रात्री ११.२०

मुलींचं वेगळं असतं, ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

बालाघाट, तुम्ही सोडलंत तर गावी गेलात, भट्टी आहे, दुकान आहे. मी सोडलं असतं तर गावी स्थळांची यादी तयार होती. आमच्याकडे मुलीला पुण्यात राहायची परवानगी परीक्षेच्या नावावर मिळते. परीक्षा संपली की परवानगी संपली. त्यामुळे तिसऱ्या वर्षीच मला कळलं होतं की हे आपल्याच्याने होणार नाही, माझं मन त्यात नाही, तरी पुढची दोन वर्षं मी फॉर्म भरत राहिले. हॉलतिकीट आलं की त्याचा फोटो घरी पाठवायचा. तो फोटो म्हणजे माझा पुण्यातला मुक्काम सहा महिन्यांनी वाढला.

खोलीतल्या चौघींपैकी तिघींचं हेच होतं. आम्ही रात्री गच्चीवर बसून खरं बोलायचो आणि सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत जायचो.

मी काय केलं ते सांगते, चूक की बरोबर तुम्ही ठरवा. माझं बीएस्सी केमिस्ट्री आहे. रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीमध्ये लागले. घरी सांगितलं नाही. सहा महिने बसने जाऊन येऊन नोकरी केली आणि फोनवर अभ्यास चालू आहे म्हणत राहिले. सहाव्या महिन्याचा पगार झाल्यावर भावाच्या कॉलेजची फी परस्पर भरली आणि मग बाबांना सांगितलं. खूप आरडाओरडा झाला. पण हातात पगार असलेल्या मुलीला ओढून नेता येत नाही, हे त्यांनाही कळलं. खोटं बोलले याचं वाईट वाटतं. नुसतं 'सोडते' म्हणाले असते तर आज मी हे लिहायला इथे नसते, हेही तितकंच खरं.

मुलींनो, सोडायचं असेल तर आधी पुढची जागा धरा, मग घरी सांगा. धीर नंतर येतो. आधी खात्यात तीन महिन्यांचं भाडं असू द्या.

---

अबोली | १६ जुलै, सकाळी ६.५०

रानजाई, वाईट वाटून घेऊ नकोस बाळा. माझ्या मोठीला हा प्रतिसाद वाचायला दिला.

---

पिंपळपान | १६ जुलै, सकाळी ११.१०

मी चाकण भागात एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे, बारा वर्षं झाली. तयारी सोडलेली मुलं मुलाखतीला येतात तेव्हा जे होतं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल.

बहुतेक जण ती वर्षं लपवतात. काकाच्या दुकानात होतो, शेती बघत होतो, असं बायोडेटात टाकतात. दोन प्रश्नांत ते उघडं पडतं आणि मग उरलेलंही खरं वाटेनासं होतं. सरळ लिहा: राज्यसेवेची तयारी, अमुक ते अमुक, इतक्या मुख्य परीक्षा दिल्या. मुलाखतीला गेला असाल तर तेही लिहा. लाखो उमेदवारांतून तिथपर्यंत पोचलेल्या माणसाला मसुदा लिहिता येतो, नियम वाचून समजतो, दहा तास एका जागी बसता येतं. आमच्याकडे कंत्राटी कामगारांचे हिशोब, भविष्यनिधीची कागदपत्रं, कामगार कायद्याचे रजिस्टर बघायला अशी माणसं आम्ही घेतली आहेत आणि ती टिकली आहेत.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, संगणक. एक्सेल येत नसेल तर महिनाभर देऊन शिका, त्याला पर्याय नाही. दुसरी, हाताखाली काम करायची. मनात सात वर्षं अधिकाऱ्याची खुर्ची धरलेली असते आणि इथे पंचविशीतला सुपरवायझर 'हे उचलून तिकडे ठेव' म्हणतो. पहिल्या दोन महिन्यांत सोडून जाणारे याच कारणाने जातात. पगार कमी म्हणून गेलेले मी फारसे पाहिले नाहीत. तेव्हा पहिली नोकरी लागली की दोन महिने कसेही काढाच. तिसऱ्या महिन्यात माणूस बदललेला असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

आबा_माणगंगा | १६ जुलै, रात्री ८.४५

मी इथे नुसता वाचणारा. लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा.

माझा मुलगा पाच वर्षं झाली पुण्यात आहे. हुशार आहे, कष्टाळू आहे, वाईट नाद नाही. पण अलीकडे घरी आला की बोलत नाही. जेवताना मान वर करत नाही. त्याला वाटत असेल आम्ही पैशाचा हिशोब करतोय. देवाशप्पथ तसं नाही. डाळिंबावर तेल्या रोग आला त्या वर्षी ओढाताण झाली, पण त्याला कळू दिलं नाही.

मला त्याला सांगायचंय की बाबा, नाही झालं तरी चालेल, घरी ये. पण भीती वाटते, मी असं म्हटलं तर त्याला वाटेल बापाचा माझ्यावरचा विश्वास उडाला. न म्हणावं तर तो आमच्यासाठी तिथं अडकून पडेल. तुम्ही सगळी शिकलेली पोरं आहात. बापाने कसं बोलावं?

---

बालाघाट | १६ जुलै, रात्री १०.१५

काका, नमस्कार. तुमचं वाचून आप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "ह्येला सांग, मलाबी तसंच वाटत हुतं." म्हणजे तेही तीन-चार वर्षं हेच मनात घेऊन गप्प होते. मी त्यांच्यासाठी अडकलो होतो आणि ते माझ्यासाठी गप्प होते.

माझं सांगतो. 'नाही झालं तरी चालेल' हे वाक्य मला मामाने फोनवर म्हटलं होतं आणि मला ते फार लागलं होतं. यादी लागल्याच्या आठवड्यात म्हटलं म्हणून लागलं. निकालाच्या आसपास म्हणू नका. परीक्षेच्या आधी महिनाभर पण नको. फोनवरही नको. पुण्याला जा, त्याची खोली बघा, त्याच्याबरोबर मेसमध्ये जेवा. आप्पा सात वर्षांत एकदाही आले नाहीत, कारण मीच येऊ दिलं नाही. पाच जणांची खोली, जिन्यातल्या चपला, टेबलावर उपजिल्हाधिकारी लिहिलेली चिठ्ठी, हे त्यांनी बघू नये असं वाटायचं. ते आले असते तर बोलायची वेळच आली नसती असं आता वाटतं.

आणि हिशोबाचं लपवू नका, काका. मला म्हशींचं दोन वर्षांनी शेजाऱ्याकडून कळलं. ते म्हशी विकण्यापेक्षा जास्त जड गेलं.

---

सातवा_प्रयत्न | १७ जुलै, सकाळी ८.००

आबा, मी यशस्वी झालेल्यांतला, तरी हेच सांगतो. जाऊन या. माझे वडील दरवर्षी आषाढी करून येताना पुण्यात एक रात्र माझ्या खोलीवर राहायचे. एका कॉटवर ते, खाली मी. अभ्यासाचं एक अक्षर विचारायचे नाहीत. सकाळी अभ्यासिकेच्या दारापर्यंत चालत यायचे आणि तिथून स्वारगेटला जायचे. ती एक रात्र मला वर्षभर पुरायची.

---

दिवेलागण | १७ जुलै, रात्री ११.५०

माझी पेठेत अभ्यासिका आहे, सत्तर टेबलांची. नाव सांगत नाही, इथले काही जण ओळखतील.

पंधरा वर्षं झाली, एक गोष्ट बघतोय. निवड झालेलं पोरगं पेढे घेऊन येतं, खुर्चीला नमस्कार करतं, भिंतीवर त्याचा फोटो लागतो. सोडून जाणारं पोरगं कधी निरोप घेत नाही. सकाळी साडेपाचला आम्ही कुलूप उघडतो, तेव्हा कधीतरी एखादं टेबल रिकामं दिसतं. पाण्याची बाटली, वेळापत्रक, देवाचा फोटो, सगळं गेलेलं. लॉकरची चावी टेबलावर. डिपॉझिट मागायला पण येत नाहीत. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा डिपॉझिटची पाकिटं आहेत, नावं घालून ठेवली आहेत. फोन लावला तर उचलत नाहीत.

वर्षानुवर्षं रोज 'काका, फॅन वाढवा' म्हणणारी पोरं असतात ती. एखाद्याच्या वडिलांचं ऑपरेशन, एखाद्याच्या बहिणीचं लग्न, सगळं माहीत असतं. आणि चावी ठेवून निघून जातात, जशी काही चोरी केली आहे. यादीत आलेले माझे आणि न आलेले परके, असं मी कधी मानलं नाही रे. पण भिंतीवर फोटो मात्र मी एकाच बाजूचे लावले. तुमचं सगळ्यांचं वाचताना ते मनाला लागलं.

---

बालाघाट | १८ जुलै, सकाळी ६.३०

काका, मी पण असाच गेलो. विसर्जनानंतर गावाहून परत आलो ते फक्त सामान न्यायला. पहाटे साडेपाचला, कुणी यायच्या आत. चावी टेबलावर ठेवली. तुमची अभ्यासिका ती नव्हती बहुतेक, आमची चाळीस टेबलांची होती. आमच्या काकांनाही मी फोन उचलला नाही.

पुढच्या महिन्यात खव्याची गाडी पुण्याला जाते, तिच्यातून जाणार आहे. डिपॉझिट नको आहे, नुसतं भेटून येतो.

---

रानजाई | १८ जुलै, सकाळी ९.१५

बालाघाट, जाऊन आलात की इथे लिहा.

---

आबा_माणगंगा | २७ जुलै, रात्री ९.००

सगळ्यांना नमस्कार. पुण्याला जाऊन आलो. आधी कळवलं नाही, स्वारगेटला उतरून फोन केला. पोरगं घाबरलं, म्हणालं घरी काय झालं? म्हटलं काही नाही, तुझ्या मेसचं जेवायला आलोय.

खोली बघितली. चार पोरं आहेत, सगळी पाया पडली. खिडकीला काच नाही, पुठ्ठा लावलाय. रात्री त्याच्या कॉटवर झोपलो, तो खाली. लाईट गेल्यावर मीच बोललो. तेल्याचं सांगितलं, कर्जाचं सांगितलं, किती फिटलं किती राहिलं ते पण. मग म्हटलं, तुला अजून द्यायची असेल तर दे, पैसे आहेत. नसेल द्यायची तर तसं सांग, मी गाडी घेऊन येतो. दोन्हीतलं काहीही चालेल.

बराच वेळ गप्प होता. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "सप्टेंबरची पूर्व देतो, मग बोलू." म्हटलं बरं. परत थोड्या वेळाने म्हणाला, "आबा, डाळिंबाला आता काय फवारताय?" मग आम्ही रात्री दीडपर्यंत डाळिंबावर बोलत होतो.

येताना खिडकीला काच बसवून आलो.